बोट कधी उचलायचं? कुपराँच्या ‘गूढ बॅरिकेड्स’विषयी

प्रश्न असा आला आहे : “मी पुण्यात पियानो शिकते. सध्या फ्रेंच संगीतकार फ्रांस्वा कुपराँचं ‘ले बारिकाद मिस्तेरियूझ’ बसवतेय. सर म्हणतात पेडल अजिबात नको. पेडल काढलं की सगळं कोरडं, तुटक वाटतं. हार्पसिकॉर्डवर ऐकलं तर आवाज लहान-मोठा होतच नाही, मग त्यात भाव कुठून येतो? आणि ही गूढ बॅरिकेड्स म्हणजे नक्की काय?”

सर बरोबर सांगताहेत. तुम्हाला कोरडं वाटतंय तेही खरं आहे. पेडल काढल्यावर त्याचं सूर घुमत ठेवायचं काम बोटांकडे यायला हवं होतं, ते अजून आलेलं नाही, एवढंच. या रचनेत पट्टी दाबणं सोपं आहे. अवघड आहे ते सोडणं. मी गेली बावीस वर्षं हार्पसिकॉर्ड वाजवते आणि शिकवते, आणि अजूनही हा तुकडा काढला की पहिला अर्धा तास बोटं वेळेवर उचलण्यातच जातो.

आधी वाद्य समजून घेऊ, कारण कुपराँने जे लिहिलंय ते त्या वाद्याच्या अंगानेच लिहिलंय. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून जोरात दाबलं की मोठा आवाज. हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य. त्यात पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची एक उभी चपटी काडी असते, तिला जॅक म्हणतात. जॅकच्या डोक्याशी एक छोटी जीभ, आणि जिभेतून बाहेर आलेलं पिसाच्या दांडीचं नख. पूर्वी ते कावळ्याच्या पिसाचं असे, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचं असतं. पट्टी दाबली की जॅक वर जातो आणि नख तार छेडतं. हळू दाबा नाहीतर जोरात, छेड जवळपास तेवढीच. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, जीभ मागे झुकून नखाला तारेशेजारून वाट देते, आणि जॅकला लावलेला लोकरीचा तुकडा तारेवर बसून आवाज बंद करतो. पेडल नावाची गोष्टच नाही. म्हणजे सूर सुरू करताना वादकाच्या हातात फार काही नाही, पण तो किती वेळ जगणार हे सर्वस्वी त्याच्या बोटावर आहे.

माझं बालपण मिरजेचं. आमच्या गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्यांचा ढीग असायचा आणि घरात पेटी होती. नेदरलँड्समध्ये शिकायला गेले तेव्हा वर्गातली पियानोवाली मुलं हार्पसिकॉर्डवर पहिले काही महिने चाचपडत होती. मला त्या मानाने कमी त्रास झाला आणि त्याचं श्रेय पेटीला. पेटीचंही तसंच आहे ना! पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, ते काम भात्याचं. पण बोट उचललं की सूर त्याच क्षणी संपतो. त्यामुळे पेटीवाल्याला लहानपणीच एक सवय लागते : पुढचं बोट बसल्याशिवाय मागचं सोडायचं नाही. पियानोवाल्याला पेडलने ही फिकीर कधी करूच दिलेली नसते. तुमच्या घरात पेटी असेल तर या रचनेचा उजव्या हाताचा भाग एकदा पेटीवर वाजवून बघा. तुमचं कोणतं बोट लवकर उठतं ते लगेच ऐकू येईल.

आता खुद्द रचना. कुपराँ १६६८ साली पॅरिसमध्ये जन्मला आणि १७३३ मध्ये तिथेच वारला. सेंट जेर्व्हे चर्चच्या ऑर्गनची गादी त्याच्या घराण्यात १६५३ पासून १८२६ पर्यंत होती. घराणं हा शब्द इथे अगदी आपल्या अर्थाने घ्यायला हरकत नाही. त्याने हार्पसिकॉर्डच्या रचनांचे चार ग्रंथ छापले : १७१३, १७१७, १७२२ आणि १७३० साली. त्यांत सत्तावीस ‘ऑर्द्र’ आहेत, म्हणजे एकाच स्वराभोवती गुंफलेल्या रचनांचे संच. आपली बॅरिकेड्स दुसऱ्या ग्रंथातल्या सहाव्या ऑर्द्रमध्ये येतात. हा सगळा संच बी-फ्लॅटमध्ये, आपल्या भाषेत काळी पाचमध्ये. अर्थात आजच्या पट्टीने. जुन्या फ्रेंच पट्टीला वाद्य लावलं, म्हणजे ए हा स्वर सेकंदाला ४४०ऐवजी ३९२ कंपनांना ठेवला, तर हीच रचना पूर्ण एक स्वर खाली, काळी चारला ऐकू येते. तिथे ती जास्त शोभते असं माझं मत.

वाजवायला बसल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की दोन्ही हात डावीकडे गोळा झालेत. उजवा हात पोटासमोर येतो आणि वरच्या पट्ट्या शेवटपर्यंत मोकळ्या राहतात. यामागे हिशेब आहे. हार्पसिकॉर्डच्या वरच्या तारा आखूड, त्यांचा सूर चटकन विरतो. खालच्या तारा लांब, फ्रेंच वाद्यांत पितळेच्या, तंबोऱ्याच्या खर्जासारख्या. त्या बराच वेळ घुमत राहतात. कुपराँला सूर एकमेकांत मिसळून हवे होते, म्हणून त्याने सगळा संसार घुमणाऱ्या तारांवर मांडला.

आणि मांडला तोही चार आवाजांत. दोन आवाज डाव्या हातात, दोन उजव्या. पण चौघं एकदम बोलतात असं फार क्वचित. एक ठोक्यावर येतो, दुसरा अर्ध्या पावलाने मागे, तिसरा आणखी मागे. ही सवय ल्यूटची. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये ल्यूट हे बोटांनी छेडायचं तारवाद्य मानाचं होतं, आणि ल्यूटवाले सगळा स्वरसमूह एकदम न छेडता सूर एकामागून एक सोडायचे, आधीचे घुमत ठेवायचे. हार्पसिकॉर्डवाल्यांनी ही रीत उचलली. १७१७ पर्यंत ल्यूटचे दिवस सरत आले होते, पण त्याचा स्वभाव या दुसऱ्या वाद्यात शिल्लक राहिला. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की समोर कीबोर्ड आहे हे विसरा, मांडीवर तारवाद्य आहे असं समजा.

एक सूचना इथेच देऊन टाकते. कधी खऱ्या हार्पसिकॉर्डवर वाजवायची संधी मिळाली, तर ‘ल्यूट’ नावाचा खटका ओढायचा मोह टाळा. तो खटका तारांना चामड्याचे किंवा लोकरीचे तुकडे टेकवतो आणि घुमणं मारून टाकतो. नाव ल्यूटचं आणि काम नेमकं उलटं! ‘चार फुटी’ म्हणतात तो एक सप्तक वर बोलणारा तारांचा संचही नको, तो वरच्या सप्तकातली चकाकी आणतो आणि रचनेचा तळ हरवतो. खालच्या कीबोर्डवरचा ‘आठ फुटी’, म्हणजे नेहमीच्या सप्तकात बोलणाऱ्या तारांचा एकच संच पुरे.

आता मुख्य मुद्दा, सूर धरून ठेवण्याचा. बी-फ्लॅटला षड्ज मानू. कल्पना करा की वरचा आवाज षड्जावर उभा आहे आणि खाली खर्जातला आवाज पंचमावर सरकला. पंचमाच्या घरात वरच्याने आता निषादावर उतरायला हवं. पण तो उतरत नाही. षड्जावरच रेंगाळतो. क्षणभर दोघांत ओढाताण होते, कानाला ती टोचते, आणि मग तो एक पायरी उतरून निषादावर येतो. गाठ सुटते. पाश्चात्त्य संगीतात याला सस्पेन्शन म्हणतात. कुपराँने केलंय काय, तर एकाची गाठ सुटते न सुटते तोच दुसऱ्या आवाजाची गाठ मारून ठेवलीय. रचनाभर हेच. म्हणून ती पुढे ढकलली जात राहते आणि ऐकणाऱ्याला नेमकी कुठे टेकायची जागा मिळत नाही.

या गाठीची सगळी गंमत षड्ज धरून ठेवण्यात आहे. तुमचं बोट पाव मात्रा आधी उठलं तर ओढाताण झालीच नाही. नुसते दोन वेगळे सूर एकामागून एक ऐकू आले. कोरडं वाटतं ते यामुळे. उलट पेडल दाबलंत तर षड्ज तर राहतो, पण निषाद आल्यावरही राहतो, म्हणजे गाठ सुटतच नाही, गुंता होतो. बोटाने धरलं आणि निषाद लागताक्षणी सोडलं, तरच धरणं आणि सुटणं दोन्ही ऐकू येतं.

“आवाज लहान-मोठा होत नाही, मग भाव कुठून?” हा प्रश्न खुद्द कुपराँला पडला होता. पहिल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की या वाद्याचे सूर फुगवता येत नाहीत आणि ओसरवताही येत नाहीत, तेव्हा जो कुणी आपल्या कलेने त्यात भाव आणील त्याचे आपण आभारी राहू. उपाय मात्र त्याने स्वतःच शोधले. एखादा सूर किंचित उशिरा लावायचा, त्याआधी बारीकशी पोकळी सोडायची. कान वाट पाहतो आणि मग आलेला सूर त्याला मोठा वाटतो. दुसरा उपाय, सूर ठरल्यापेक्षा जरा आधी तोडायचा, म्हणजे तो हलका झाला असं वाटतं. या दोन्हींसाठी त्याने १७१३च्या ग्रंथात चिन्हंही दिली आहेत. तिसरा उपाय बॅरिकेड्समध्ये भरून राहिलाय : सूर एकमेकांवर चढू द्यायचे. चार तारा एका वेळी घुमत असतील तर खोलीत आवाज खरोखर जास्त भरतो, एक सोडली की कमी होतो. म्हणजे लहान-मोठं होतंय की! फक्त ते मनगटाच्या जोरावर होत नाही, किती बोटं पट्ट्यांवर बसलीत त्यावर होतं.

बोटं धरून ठेवायची म्हणजे ती पुरायला हवीत. कुपराँने १७१६ साली हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर एक पुस्तक छापलं, त्यात पट्टी दाबलेली ठेवूनच तिच्यावरचं बोट बदलण्याची युक्ती दिलीय. चौथ्या बोटाने सूर लावा आणि तो वाजत असतानाच पाचवं बोट हळूच त्याच पट्टीवर आणून चौथं मोकळं करा. बॅरिकेड्समध्ये हे पावलोपावली लागतं. पेन्सिलने खुणा करून ठेवा, दर वेळी नव्याने शोधू नका. त्याच पुस्तकात तो असंही सांगतो की लहान मुलांना शिकवताना मी वाद्याची किल्ली बरोबर घेऊन जातो, म्हणजे मी पाऊण तास घालून बसवलेलं पोरं माझ्यामागे एका क्षणात बिघडवणार नाहीत. आणि वाजवताना तोंड वाकडं करणाऱ्यांनी समोर आरसा ठेवावा! शिक्षकी पेशातल्या माणसाला हे पुस्तक वाचताना वारंवार हसू येतं.

लयीबद्दल. वरती ‘विव्हमाँ’ लिहिलंय, म्हणजे चैतन्याने, उत्साहाने. तरी अर्धं जग ही रचना पावसाळी संध्याकाळ असल्यासारखी ओढत वाजवतं. ओढली की गाठी सुटताना ऐकू येत नाहीत, कारण धरलेला सूर तोवर विरून गेलेला असतो. दर मापात (म्हणजे बारमध्ये) दोन ठोके मोजा, चार नकोत. सगळी रचना दोन-अडीच मिनिटांत व्हायला हवी. घाई मात्र वाटता कामा नये. खालचा आवाज चालतोय, वरचे तिघं त्याच्या मागे रेंगाळताहेत, असं चित्र ठेवा. फ्रेंच पद्धतीत लागोपाठचे सारखे लिहिलेले सूर थोडे लांब-आखूड वाजवायची चाल होती. “आम्ही लिहितो एक आणि वाजवतो दुसरं” असं कुपराँने कबूलही केलंय. पण तो ज्यांविषयी बोलतो ते शेजारच्या पायऱ्यांवरून चालणारे सूर आहेत. इथे सूर उड्या मारत विखुरलेत, त्यामुळे ती झुलती चाल इथे लावली तर पांगळी वाटते.

घाट रोंदोचा आहे. मुखडा, मग एक कडवं, पुन्हा मुखडा, अशी तीन कडवी. तिसरं सर्वांत लांब, आणि त्यात त्या गाठींची साखळीच्या साखळी खाली उतरत जाते. तयारीत दोन तृतीयांश वेळ या कडव्याला द्या. मुखडा प्रत्येक वेळी नवं काही करून दाखवायच्या फंदात पडू नका. ख्यालात मुखड्यावर परतताना आपल्याला तोच मुखडा हवा असतो, फरक पडलेला असतो तो मधल्या फिरण्याने. इथेही तसंच.

एक गोष्ट पियानोवर तुम्हाला मिळणार नाही, पण माहीत असू द्या. तंबोरा नीट लागला की त्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट हे स्वरांतर मोजायचं बारीक माप). पियानोचा आणि पेटीचा गांधार ४००वर, चौदा सेंट चढा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या वादात असे ठरीव स्वर हाही एक मुद्दा होताच. मीनटोन या गांधार शुद्ध ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीने लावलेल्या हार्पसिकॉर्डवर मात्र बी-फ्लॅटचा गांधार जवळपास त्या स्वयंभू जागी बसतो. हार्पसिकॉर्डवाल्याला वाद्य स्वतःच लावावं लागतं, तंबोऱ्यासारखंच, रोज. तसा गांधार लागला की मुखड्याचे घुमणारे सूर एकमेकांवर घासत नाहीत, आणि मग गाठ आली की ती दुप्पट टोचते. एकदा हिवाळ्यात एका छोट्या चर्चमध्ये मी वाद्य लावून चहा घ्यायला गेले. कुणीतरी प्रेमाने वाद्याच्या पोटाशी हीटर आणून ठेवला. परत येऊन मुखडा सुरू केला तर खालच्या तारा उतरलेल्या आणि गांधार थेट आमच्या घरच्या पेटीचा! त्या संध्याकाळी गाठ कुठली आणि बेसूर कुठलं हे माझं मलाच कळत नव्हतं.

आता नावाचं. शब्द ऐकून एकोणिसाव्या शतकातल्या क्रांत्या डोळ्यांपुढे आल्या असतील तर त्या बाजूला ठेवा, त्या पुढच्या आहेत. कुपराँच्या पॅरिसला बॅरिकेड्स माहीत होती ती १५८८च्या उठावातली, आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेली १६४८ची. बारिक म्हणजे पिंप. रस्त्यात पिंपं रचून वाट अडवायची, त्यावरून हा शब्द आला. नावाचे अर्थ लावणाऱ्यांनी पापण्यांपासून बुरख्यापर्यंत, स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांपासून जीवन-मृत्यूच्या सीमेपर्यंत मजल मारलीय. कुपराँने स्वतः एवढंच म्हणून ठेवलंय की प्रत्येक रचना करताना माझ्या मनात काही ना काही विषय होता, नावं त्यावरून आली, त्याचा हिशेब मात्र मला मागू नका. याच संचातले शेजारी बघा : कापणी करणारे, पाखरांची किलबिल, मेंढपाळ, एक चहाटळ बाई आणि शेवटी चक्क एक चिलट. अशा खेडवळ, खोडकर मंडळींत मृत्यूची सीमा येऊन बसेल हे मला पटत नाही. शेजारचं ‘मेंढपाळ’ तर बाखच्या घरी पोचलं, १७२५ साली सुरू झालेल्या त्याच्या बायकोच्या, आना माग्दालेनाच्या वहीत ते उतरवून घेतलेलं आहे.

माझा कौल त्या गाठींना. सुराची वाट अडवली जाते, कुणी अडवली ते दिसत नाही, आणि ती आपसूक मोकळी होते. पुरावा मागाल तर नाही. पण वाजवताना दर मापात बोटांना ती अडवणूक लागते, म्हणून मला हा अर्थ पुरतो.

सरावाची माझी रीत सांगते. पहिले तीन-चार दिवस रचना लिहिल्यासारखी वाजवूच नका. प्रत्येक अर्ध्या मापातले सगळे सूर एकदम दाबा, पेटीवर संगत करताना धरतो तसे, आणि पुढच्या अर्ध्या मापावर जाताना जी बोटं तशीच राहतात ती अजिबात हलवू नका. जी हलतात तेवढीच हलवा. कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं याचा नकाशा हाताला असाच मिळतो. मग चारांपैकी एक आवाज तोंडाने म्हणा आणि उरलेले वाजवा. वरून दुसरा आवाज म्हणणं सगळ्यांत कठीण, आणि बहुतेक गाठी तिथेच लपलेल्या सापडतात. आवाज सुटे ऐकायचे असतील तर टॉमस आदेस या इंग्रज संगीतकाराने १९९४ मध्ये पाच वाद्यांसाठी केलेली मांडणी ऐका. क्लॅरिनेट, बास क्लॅरिनेट, व्हायोला, चेलो आणि डबल बास. कोण कुणासाठी थांबलंय ते तिथे उघडच कळतं. हार्पसिकॉर्डवर ऐकायचं तर स्कॉट रॉस या वादकापासून सुरुवात करा.

शेवट करताना हात एकदम उचलू नका, बहुतेक जण तिथे घाई करतात. शेवटचा मुखडा संपला की चारही आवाज घुमत राहू द्या. मग वरचं बोट आधी सोडा, त्यानंतर मधली, एकेक करून. डाव्या हाताची करंगळी सगळ्यांत शेवटी, खोलीत बी-फ्लॅट ऐकू येईनासा झाल्यावर.